प्रवेश अर्जावरची सही ही समुपदेशनाची संमती नव्हे : महाविद्यालयांच्या प्रमुखांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील विद्यापीठांचे कुलगुरू, महाविद्यालयांचे प्राचार्य आणि संस्थाचालक

महोदय, महोदया,
सप्रेम नमस्कार.

यंदाच्या प्रवेश अर्जाच्या शेवटच्या पानावर एक नवं वाक्य आलं आहे. रॅगिंगविरोधी हमीपत्र आणि शुल्क परताव्याच्या अटी यांच्यामध्ये ते बसवलं आहे : "महाविद्यालयाच्या समुपदेशन सेवेस माझी संमती असून, आवश्यक वाटल्यास माझ्याविषयीची माहिती संबंधितांस देण्यास माझी हरकत नाही." खाली विद्यार्थ्याची सही आणि पालकाची सही.

मी ज्या महाविद्यालयात समुपदेशक होते, तिथला हा अर्ज. ओळखीच्या समुपदेशकांकडे चौकशी केली तेव्हा थोड्याफार फरकानं हेच वाक्य आणखी काही ठिकाणीही निघालं. आवश्यक कुणाला वाटल्यास? संबंधित म्हणजे नेमके कोण? कोणती माहिती, किती? यातलं काहीच त्यात नाही. सही केली नाही तर अर्ज अपूर्ण, आणि अर्ज अपूर्ण तर प्रवेश नाही. म्हणजे समुपदेशकाला एकदाही न भेटलेलं, समुपदेशनात काय होतं याची कल्पनाही नसलेलं मूल, आपल्या मनातलं कुणाला कळावं हे ठरवण्याचा हक्क प्रवेशाच्या रांगेत उभं राहून सोडून देतं.

मी आधी तोंडी हरकत घेतली, मग लेखी. उत्तर आलं, "कायद्याची बाजू पूर्ण झाली, मॅडम. आता तुम्ही तुमचं काम करा." माझ्या कामाचा पहिला भागच त्या वाक्यानं काढून घेतला होता. या सत्रापासून मी तिथे नाही. महाविद्यालयाचं नाव इथे लिहीत नाही आणि खाली माझंही नाव देत नाही, कारण त्यावरून माझ्याकडे येऊन गेलेली मुलं ओळखता येतील.

हा विषय आत्ताच का? २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांच्या पीठानं, विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात, देशभरातल्या शैक्षणिक संस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असलाच पाहिजे, हे त्यातलं एक. हा निकाल आला तेव्हा आम्हा समुपदेशकांना फार बरं वाटलं होतं. जिन्याखालची अंधारी खोली आणि तासिका तत्त्वावरचं मानधन यांच्या पलीकडे हे काम आता जाईल, असं वाटलं होतं. नियुक्तीची पत्रं निघाली, दारावर पाट्या लागल्या, संकेतस्थळावर फोटो आले. त्या दारातून पहिल्यांदा आत येणाऱ्या मुलाला पहिल्या दहा मिनिटांत काय सांगितलं जातं, हे मात्र कुणी विचारलं नाही.

ते का विचारायला हवं, हे एका मुलीच्या अनुभवावरून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. वसतिगृहात राहणारी, पदवीच्या पहिल्या वर्षाची ही मुलगी. घरी लग्नाची बोलणी सुरू होती, झोप लागत नव्हती, वाचलेलं लक्षात राहत नव्हतं. तिच्या जिवाला धोका नव्हता. तिला फक्त आपलं म्हणणं घरी कसं मांडायचं, याची तयारी करायची होती. माझ्या खोलीच्या दाराबाहेर कार्यालयानं ठेवलेली एक वही असायची : नाव, वर्ग, वेळ, भेटीचं कारण. तिनं प्रामाणिकपणे 'घरचा ताण' असं लिहिलं. वसतिगृहाच्या रेक्टरांनी ते वाचलं आणि काळजीपोटी तिच्या वडिलांना फोन केला. वडील एसटीनं आले आणि तिला घरी घेऊन गेले. पुढे ती परीक्षेपुरती परत आली, पण माझ्या दाराशी पुन्हा आली नाही. रेक्टरांचा हेतू वाईट नव्हता, वडिलांचाही नव्हता. पण ती वही कोण कोण वाचतं, हे त्या मुलीला कुणीही सांगितलेलं नव्हतं.

त्या वहीविषयी मी अनेकदा लिहून कळवलं होतं. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या भेटीत दाखवायला पुरावा लागतो, असं मला सांगण्यात आलं. वर सांगितलेल्या निकालातच नोंदी नाव-ओळख वगळून ठेवायला सांगितल्या आहेत. किती मुलं आली, कोणत्या वर्षाची होती, किती जणांना पुढे डॉक्टरांकडे पाठवलं, एवढ्या आकड्यांवर अहवाल पूर्ण होतो. नावाचा रकाना अहवालाला लागतच नाही.

दुसरी तक्रार गुगल फॉर्मची. हल्ली प्रथम वर्षाच्या सगळ्या मुलांना 'मानसिक आरोग्य सर्वेक्षण' म्हणून एक फॉर्म पाठवला जातो. आत बहुतेक वेळा पीएचक्यू-९ ही प्रश्नावली असते. मागच्या दोन आठवड्यांविषयी नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. चांगली, जगभर वापरली जाणारी प्रश्नावली आहे ती. पण ती फक्त चाळणी आहे, निदान नव्हे, आणि तिचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. महाविद्यालयांत हा फॉर्म नाव, हजेरी क्रमांक आणि मोबाइल नंबरासह भरून घेतात, वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर 'आज संध्याकाळपर्यंत भरणे सक्तीचे' असा निरोप जातो, आणि उत्तरांची शीट सगळ्या वर्गशिक्षकांना खुली असते. अशा शीटमध्ये नवव्या प्रश्नापुढे 'जवळजवळ रोज' असं उत्तर मी पाहिलं आहे. ते भरलं गेल्याला कित्येक आठवडे उलटले होते. त्या मुलाशी तोवर कुणीही बोललं नव्हतं, मात्र त्याचं उत्तर दोन शिक्षकांनी आपसात चर्चेला घेतलं होतं. ज्या प्रश्नाच्या उत्तरावर त्याच दिवशी माणूस पाठवण्याची तयारी नाही, तो प्रश्न विचारू नये. आणि विचारायचाच असेल तर उत्तर कोण वाचणार, कधी वाचणार आणि वाचून काय करणार, हे फॉर्मच्या पहिल्या ओळीत लिहावं.

तिसरी गोष्ट पाठवलेल्या मुलांची. हजेरी कमी भरली, वर्गात भांडण झालं, परीक्षेत मोबाइल सापडला, की 'मॅडमकडून समुपदेशन करून घे आणि रिपोर्ट आण, मग हॉल तिकीट' असं होतं. हॉल तिकीट अडकलेलं असताना दिलेल्या होकाराला होकार म्हणता येत नाही. अशा मुलांना मी पहिल्याच वाक्यात सांगायचे : तू आलास एवढंच मी कार्यालयाला लिहून देणार, काय बोललास ते नाही. आणि गप्प बसून वेळ काढलास तरी मी तेवढंच लिहीन. यावरून माझे वरिष्ठांशी खटके उडाले. शिस्तभंगाची चौकशी करायला समिती असते. ते काम समुपदेशकाच्या खोलीत आणू नये.

अनेक ठिकाणी मानसशास्त्राचे प्राध्यापकच समुपदेशक असतात. त्यांच्या कळकळीबद्दल मला शंका नाही. पण जो अंतर्गत मूल्यमापनाचे गुण देतो, त्याच्यासमोर मूल काय बोलेल आणि काय झाकेल, हे आपण सगळे जाणतो. एम.ए.चे विद्यार्थी 'अनुभवासाठी' खोलीत बसवले जातात तेव्हाही समोरच्या मुलाला विचारलं जात नाही. विचारलं तरी त्यांच्यादेखत, आणि मग नाही म्हणायचं कसं?

मी पाहिलेली संमतीपत्रं बहुतेक इंग्रजीत होती. एकात चक्क रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेबद्दलच्या, अमेरिकेच्या १९९६ च्या हिपा कायद्याचा हवाला होता. कुठून तरी उतरवून घेतलेला तो कागद, केज किंवा धडगावहून आलेल्या, मराठी माध्यमात शिकलेल्या मुलापुढे सहीसाठी सरकवायचा!

आता कायद्याच्या बाजूबद्दल, कारण तीच 'पूर्ण झाली' असं मला सांगितलं गेलं होतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये मंजूर झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यातली संमतीची व्याख्या स्पष्ट आहे : ती ठरावीक उपचारासाठी असली पाहिजे, जबरदस्ती, गैरप्रभाव, फसवणूक, धमकी किंवा चुकीची माहिती यांच्याशिवाय मिळालेली असली पाहिजे, आणि फायदे, धोके आणि पर्याय त्या व्यक्तीला कळेल अशा भाषेत व पद्धतीनं सांगितल्यानंतरच घेतलेली असली पाहिजे. याच कायद्याच्या कलम २३ मध्ये गोपनीयतेचा हक्क आहे आणि तो कोणत्या अपवादात्मक परिस्थितीत बाजूला ठेवता येतो, हेही आहे. यावर महाविद्यालयांचं म्हणणं असं की या कायद्यातल्या व्यावसायिकांच्या व्याख्येत महाविद्यालयीन समुपदेशक येत नाही. ते खरंही आहे. पण २०२१ च्या संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या अनुसूचीत समुपदेशकांचा समावेश आहे, आणि खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमतानं सांगितलं आहे. एका तपासणीला दिलेली संमती ही पुढच्या शस्त्रक्रियेची संमती ठरत नाही, हे त्याच न्यायालयानं समीरा कोहली प्रकरणात २००८ मध्येच स्पष्ट केलं. मग प्रवेशाला दिलेली सही समुपदेशनाची संमती कशी ठरेल? शरीराला लावलेला नियम मनाच्या बाबतीत सैल करायला कोणतंही कारण मला दिसत नाही.

खरी संमती कशी घेतात, ते आता सांगते. वाचणाऱ्या विद्यार्थ्यांनाही कळू दे, म्हणजे ते स्वतः मागू शकतील. पहिल्या भेटीत, पहिला प्रश्न विचारण्याआधी, मी साधारण असं बोलते :

"मी समुपदेशक आहे, मानसशास्त्रात एम.ए. केलंय. मी डॉक्टर नाही, औषधं देत नाही. औषधांची गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला सुचवेन, पण जायचं का ते आपण बोलून ठरवू. एका वेळी पाऊण तास बोलू. पैसे लागत नाहीत. सुरुवातीच्या एक-दोन भेटींनंतर हलकं वाटण्याऐवजी जास्तच अस्वस्थ वाटू शकतं. तसं झालं तर मला सांग. मी थोडक्यात टिपणं ठेवते, ती या कपाटात कुलपात असतात. तुझी तुला बघता येतील. कुठे अडले तर माझ्या मार्गदर्शकांचा सल्ला घेते, तेव्हा तुझं नाव-गाव सांगत नाही. एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसेल तर 'नको' म्हण. मधेच थांबायचं असेल तर थांब, कारण द्यावं लागणार नाही. इथलं बोलणं मी प्राचार्यांना, शिक्षकांना, घरी सांगत नाही. पण काही वेळा मला गप्प राहता येणार नाही. तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर. तुझ्याकडून दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर. कोर्टानं आदेश दिला तर. आणि अठरा वर्षांखालच्या कुणाशी लैंगिक संबंध किंवा अत्याचार झाल्याचं मला कळलं तर. सांगावंच लागलं तर शक्य असेल तिथे आधी तुला सांगेन, आणि कुणाला किती सांगायचं ते तुझ्यासमोर ठरवू."

एवढं सांगून झालं की मी विचारते, "आता तुला काय समजलं, ते तुझ्या शब्दांत सांग." इथे बऱ्याचदा कळतं की काहीतरी निसटलं आहे. मग ते पुन्हा सांगते. सही त्यानंतर. रडत, थरथरत आलेल्या मुलापुढे अर्थातच कागद ठेवत नाही. आधी पाणी, आधी सावरणं. त्या दिवशी मर्यादा दोन वाक्यांत सांगते, बाकी पुढच्या भेटीला. पुढे काही बदललं, कुणाला सोबत घ्यायचं ठरलं किंवा भेटी ऑनलाइन करायच्या ठरल्या, की पुन्हा विचारते. या सगळ्याला दहा-पंधरा मिनिटं लागतात.

अठरा वर्षांखालच्या मुलांबद्दलची मर्यादा नीट समजून घ्या, कारण तुमच्यापैकी अनेकांकडे कनिष्ठ महाविद्यालयही आहे. अकरावी-बारावीची बहुतेक मुलं सोळा-सतरा वर्षांची असतात. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायदा, २०१२ नुसार अठरा वर्षांखालच्या मुला-मुलीनं लैंगिक संबंधांना दिलेल्या होकाराला अर्थ नाही. कलम १९ प्रमाणे अशी घटना कळलेल्या प्रत्येकानं पोलिसांना कळवायचं आहे आणि न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आता कल्पना करा : सतरा वर्षांची एक मुलगी मैत्रीच्या नात्यातून आलेल्या संबंधांबद्दल विश्वासानं बोलते आणि बोलून झाल्यावर तिला कळतं की समोरच्या बाईंना हे पोलिसांत कळवावं लागणार आहे. हा कायदा किशोरवयीन नात्यांना कसा लागू व्हावा, यावर वाद आहेत, ते वेगळ्या जागी व्हायला हवेत. पण आज तो आहे, तर तिनं तोंड उघडण्याआधी तिला ते माहीत असणं हा तिचा हक्क आहे. जिच्यावर खरोखर अत्याचार होत आहे, तिलाही ते माहीत हवं. मग मदत मागताना पुढे काय घडणार हे जाणून ती पाऊल टाकेल.

यावर नेहमी म्हटलं जातं, "एवढं सगळं आधी सांगितलं तर मुलं बोलणारच नाहीत." काही जण एखादी गोष्ट राखून ठेवतात, हे खरं आहे. तो त्यांचा निर्णय. पण बहुतेक मुलं सीमा कुठे आहे हे कळल्यावर जास्त मोकळी होतात, असा माझा अनुभव आहे. आत्महत्येचे विचार असलेली कितीतरी मुलं 'पोलीस केस होईल' या भीतीनं गप्प असतात. २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ नं अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली आहे असं गृहीत धरून तिला शिक्षेपासून दूर ठेवलं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला सरसकट शिक्षा करणारं जुनं ३०९ कलम उरलेलंच नाही. हे सांगितल्यावर समोरचा चेहरा बदलताना मी पाहिला आहे.

दुसरा आक्षेप पालकांचा, आणि तो मला मोलाचा वाटतो. शेत विकून, कर्ज काढून मुलाला शहरात ठेवणाऱ्या आई-वडिलांनी 'आमच्या पोराचं आम्हाला कळायला नको का?' असं विचारलं तर त्यांना झिडकारता येत नाही. त्यांच्याशीही आधीच बोलायला हवं. मूल अठरा वर्षांखालचं असेल तर त्यांची लेखी परवानगी घ्यावी, पण मुलाचा स्वतःचा होकारही तितकाच आवश्यक मानावा. आणि पहिल्याच भेटीत तिघांनी मिळून ठरवावं : जिवाला धोका असेल तर लगेच कळवू, रोजचं बोलणं कळवणार नाही. बहुतेक पालक हे मान्य करतात. अठरा पूर्ण झालेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत निर्णय त्याचाच.

माझ्या मागण्या अशा आहेत.

१. प्रवेश अर्जातलं ते वाक्य काढून टाका. समुपदेशनाची संमती समुपदेशकानंच, पहिल्या भेटीत, प्रत्यक्ष बोलून घ्यावी. ती नाकारल्यामुळे प्रवेश, परीक्षा, वसतिगृह किंवा शिष्यवृत्ती यांवर कोणताही परिणाम होणार नाही, असं लेखी परिपत्रक काढा.

२. संमतीपत्र एक पानी, सोप्या मराठीत असावं, आणि ज्यांना हवं त्यांना हिंदी, उर्दू, इंग्रजीत मिळावं. त्याची प्रत विद्यार्थ्याला द्यावी.

३. दाराबाहेरची वही आजच बंद करा. समुपदेशनाच्या नोंदी समुपदेशकाच्या ताब्यात, कुलपात राहतील. प्राचार्य, रेक्टर किंवा कार्यालय यांना त्या मागता येणार नाहीत, असा ठराव महाविद्यालय विकास समितीत करा. अहवालात फक्त आकडे जातील.

४. नावानिशी भरून घेतलेल्या मानसिक आरोग्याच्या शीट बंद करा. जुन्या शीट ज्यांच्या ज्यांच्याकडे आहेत, त्यांच्याकडून पुसून घ्या, पण त्याआधी नवव्या प्रश्नाची उत्तरं प्रशिक्षित माणसाकडून तपासून त्या मुलांना भेटा.

५. जो गुण देतो, हजेरी धरतो किंवा शिस्तभंगाची चौकशी करतो, त्याच्याकडे समुपदेशनाचं काम देऊ नका. प्रशिक्षणार्थींना बसवायचं असेल तर विद्यार्थ्याला एकट्यात विचारा.

६. समुपदेशकाला पहिल्या भेटीसाठी पूर्ण तास, आतलं बोलणं बाहेर ऐकू न जाणारी खोली आणि अनुभवी मार्गदर्शक द्या. खोलीबाहेर संमतीची माहिती आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मराठीत लावा, म्हणजे ज्यांना महाविद्यालयात बोलायचं नाही त्यांनाही रस्ता राहील.

कुलगुरूंना वेगळी विनंती : आपल्या विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांसाठी एकच नमुना आणि एकच नियमावली करा. जिथे प्राचार्य समंजस आहेत तिथल्या मुलांना संरक्षण आणि शेजारच्या महाविद्यालयात काहीच नाही, अशी स्थिती नको. आम्ही काही समुपदेशकांनी मिळून संमतीपत्राचा मराठी नमुना तयार केला आहे. जे महाविद्यालय मागेल त्याला तो विनामूल्य देऊ आणि तो कसा वापरायचा हे येऊन समजावूनही सांगू.

हे सगळं पुढच्या वर्षाचे अर्ज छपाईला जाण्याआधी होऊ शकतं. आणि यंदा ज्या विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी त्या वाक्याखाली सही केली आहे, त्यांना ती सही रद्द धरल्याचं या सत्रातच लेखी कळवावं.

कळावे,
आपली,
एक महाविद्यालयीन समुपदेशक